‘इंडियांचा राजा’: मातीतून निघालेल्या स्पॅनिश नाण्याचे वाचन

मराठी भाषेने नाण्यांच्या व्यवहारातून बरेच काही उचलले आहे. माणूस हिणकस निघतो, उत्तर खणखणीत असते, घराण्याच्या नावाला बट्टा लागतो आणि शहाणा मनुष्य प्रत्येक गोष्ट वाजवून घेतो. या सर्व शब्दप्रयोगांमागे एकच जुना अनुभव उभा आहे: हाती आलेले नाणे खरे की खोटे, हे ठरवण्याचा भार घेणाऱ्यावर होता. धातूत हीण किती हे कसोटीचा दगड सांगे, नादाचा निवाडा कान करी, आणि परक्या किंवा झिजलेल्या नाण्यावर सराफ जी रक्कम कापून घेई तिला बट्टा म्हणत. आज केवळ आडनाव म्हणून उरलेला पोतदार एके काळी नाणी पारखणारा अधिकारी होता. नाण्याचे वाचन ही अशा रीतीने लिहिता-वाचता न येणाऱ्यांनाही ठाऊक असलेली विद्या होती.

गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत या विद्येला एक हौशी वारसदार लाभला आहे. मेटल डिटेक्टर, म्हणजे धातुशोधक यंत्र, हाती घेऊन नांगरलेली शेते आणि समुद्रकिनारे धुंडाळणारा हा माणूस आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, व्हर्जिनियापासून फ्लोरिडापर्यंत, त्याला वारंवार स्पॅनिश वसाहतींतील चांदीची नाणी सापडतात. ही नाणी ओळखायची कशी, याचे एक शास्त्र आहे, आणि ते एखाद्या जीर्ण हस्तलिखिताची संहिता सिद्ध करण्याच्या शास्त्राहून फार वेगळे नाही. मात्र नाण्याची ओळख पटणे आणि नाण्याचा अर्थ कळणे या दोन निराळ्या गोष्टी होत. त्यांतील अंतर किती आणि ते कशामुळे पडते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम एका साध्या प्रश्नाचे उत्तर द्यावयास हवे. इंग्रजांच्या वसाहतीत स्पेनचे नाणे कसे? इंग्लंडने आपल्या अमेरिकी वसाहतींना स्वतःचे चलन पाडू देण्याचे सामान्यतः टाळले आणि मायदेशातून तेथे नाणीही फारशी पाठवली नाहीत. वसाहतींनी कच्चा माल द्यावा आणि तयार माल घ्यावा, ही त्या अर्थकारणाची रीत होती. परिणामी वेस्ट इंडीज बेटांशी चालणाऱ्या व्यापारातून जी स्पॅनिश चांदी हाती येई, तीच तेथील शेतकऱ्याचे आणि दुकानदाराचे रोजचे चलन बनली. आठ रेआलचे मोठे नाणे म्हणजे स्पॅनिश डॉलर. अमेरिकेने १७९२ मध्ये स्वतःच्या डॉलरचा कायदा केला तो याच नाण्याचे माप समोर ठेवून, आणि परदेशी नाण्यांची कायदेशीर मान्यता तेथे रद्द झाली ती १८५७ मध्ये. मोड मिळत नसे तेव्हा लोक आठ रेआलचे नाणे छिन्नीने पाचरींच्या आकारात तोडीत. असे तुकडे आजही शेतांत सापडतात. आपल्याकडच्या ‘खुर्दा’ या शब्दाचा इतका शब्दशः अवतार क्वचितच पाहावयास मिळेल.

यंत्राचे कार्य समजण्यास अवघड नाही. दांड्याच्या टोकाशी तारेचे वेटोळे असते. त्यातून बदलता विद्युत्प्रवाह सोडला की जमिनीत बदलते चुंबकीय क्षेत्र पसरते. वाटेत धातू आला तर त्यात भोवऱ्यासारखे प्रवाह उत्पन्न होतात, आणि त्यांचा परिणाम वेटोळ्याला जाणवून कानात स्वर उमटतो. चांदी विजेची उत्तम वाहक असल्याने बहुतेक यंत्रांत तिचा स्वर उंच लागतो, तर लोखंडी खिळ्याचा खर्जात. नाणे वाजवून घेण्याची जुनी रीत येथे नाणे दिसण्यापूर्वीच अंमलात येते. या यंत्राचा पूर्वेतिहासही लक्षणीय आहे. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरात रुतलेली गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी याच तत्त्वावरचे उपकरण वापरून पाहिले; त्यात त्यांना यश आले नाही. दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी युझेफ कोसात्स्की यांनी रचलेले सुरुंगशोधक यंत्र १९४२ मध्ये एल अलामीनच्या रणांगणात वापरले गेले. युद्ध संपल्यावर सैन्याची शिल्लक यंत्रे स्वस्तात बाजारात आली आणि हौशी शोधकांच्या हाती पडली.

मातीतून वर येते ती बहुधा काळपट, करडी चकती असते. तिचे वाचन कडांपासून सुरू करावे. कडा ओबडधोबड, आकार बटाट्याच्या कापासारखा आणि छाप अर्धवट असेल, तर ते हाताने पाडलेले ‘माकुकिना’ नाणे होय. टांकसाळीत चांदीच्या कांबीचे तुकडे करीत, ते कातरून ठरलेल्या वजनावर आणीत आणि दोन ठशांमध्ये ठेवून हातोडा घालीत. वजन बरोबर असले की झाले. आकाराची फिकीर कोणी करीत नसे. त्यामुळे ठशावरचा मजकूर पूर्ण असला तरी नाण्यावर त्याचा काही भागच उमटे. वर्ष, राजाचे नाव, टांकसाळीचे चिन्ह यांपैकी जे कडेबाहेर गेले ते कायमचे गेले. वाचकाने उरलेल्यावरून गेलेले सिद्ध करायचे असते. क्रुसाच्या टोकांना गोळे दिसले तर मेक्सिको. क्रुसाच्या चार कोनांत किल्ले आणि सिंह दिसतात ते कास्तीय व लेओन या राज्यांचे प्रतीक. पण तेवढ्यावरून टांकसाळ ठरत नाही, त्यासाठी अक्षरच शोधावे लागते. पोतोसीच्या नाण्यांवर वर्ष घालण्याची पद्धत १६१७ पासून सुरू झाली; त्याआधीच्या नाण्यांचा काळ परीक्षकाच्या आद्याक्षरावरून ठरवतात.

कडा गोल आणि नक्षीदार असतील तर नाणे यंत्रावरचे, म्हणजे अठराव्या किंवा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचे. मेक्सिकोत ही पद्धत १७३२ मध्ये आली. पोतोसीत मात्र १७६७ पर्यंत तिची वाट पाहावी लागली. आरंभीच्या नाण्यांवर दोन स्तंभांच्या मध्ये पृथ्वीचे दोन गोल आहेत आणि भोवती ‘उत्राक्वे उनुम’ हे लॅटिन शब्द, म्हणजे ‘दोन्ही मिळून एक’. स्तंभांवरच्या पट्ट्यांवर ‘प्लुस उल्त्रा’, म्हणजे ‘याही पलीकडे’. १७७२ पासून राजाचा मुखवटा येतो. यानंतर अक्षरे पाहावीत. मोठ्या ‘एम’च्या डोक्यावर इवलासा ‘ओ’ असेल तर मेक्सिको. ‘पी’, ‘टी’, ‘एस’ ही अक्षरे एकमेकांत गुंफलेली असतील तर पोतोसी. ग्वातेमालाचे चिन्ह प्रथम नुसते ‘जी’ होते. १७७३ च्या भूकंपाने राजधानी उद्ध्वस्त झाली, शहर दुसरीकडे वसवावे लागले आणि नाण्यावर ‘एन जी’ आले, म्हणजे ‘नवे ग्वातेमाला’. एका अक्षराच्या वाढीत एका शहराचा अंत नोंदलेला आहे.

वजनाचाही आधार असतो. १७२८ नंतरच्या आठ रेआलचे वजन सुमारे २७ ग्रॅम, दोन रेआलचे पावणेसात, एका रेआलचे सुमारे ३.४ आणि अर्ध्याचे सुमारे १.७ ग्रॅम. पण खाऱ्या पाण्यात काही शतके पडलेल्या चांदीचे सल्फाइड होऊन ती काळी व ठिसूळ बनते आणि तिचे वजन घटते. अशा वेळी तराजूवर एकट्याने भिस्त ठेवता येत नाही. सापडलेले नाणे घासून चकचकीत करण्याचा मोह तर सर्वांत घातक, कारण घासण्यात जो थर जातो त्याच थरात पुष्कळदा अक्षरे असतात.

नाणे ओळखू आले, तरी ते जे सांगते ते सगळे खरे मानण्याचे कारण नाही. नाणे ही राजसत्तेने लिहिलेली संहिता आहे आणि राजसत्ता स्वतःच्या सोयीचे लिहिते. १७७२ मध्ये कार्लोस तिसरा याने जुनी नाणी परत मागवली आणि नव्या मुखवट्याची नाणी काढताना चांदीचा कस गुपचूप उतरवला: ०.९१७ वरून ०.९०३. मेक्सिकोच्या त्या पहिल्या नाण्यांवर टांकसाळीचे चिन्ह आणि परीक्षकांची आद्याक्षरे उलटी छापलेली आढळतात. हा बदल ओळखण्यासाठी केलेली ती खूण होती, असे नाणकशास्त्राचे अभ्यासक मानतात. प्रजेने राजाचा चेहरा पाहायचा आणि जाणत्याने उलटे अक्षर, अशी ही दुहेरी लिपी. १७८६ मध्ये कस पुन्हा उतरला, तोही असाच गुपचूप. हिणकस या शब्दाचा मूळ अर्थ इतक्या शांतपणे अंमलात आणलेला क्वचित दिसेल.

चेहऱ्यांचीही तीच कथा. कार्लोस तिसरा डिसेंबर १७८८ मध्ये वारला. नव्या राजाचे ठसे समुद्रापलीकडून येईपर्यंत अमेरिकेतील टांकसाळींनी नाव चौथ्या कार्लोसचे घातले आणि चेहरा मेलेल्या तिसऱ्याचाच ठेवला. १८०८ मध्ये नेपोलियनने फर्नांडो सातवा याला फ्रान्समध्ये अडकवून ठेवले आणि स्पेनमध्ये युद्ध पेटले. त्याचे चित्र लिमाला पोहोचले नाही. तेथील कारागिराने जो राजा कधी पाहिला नव्हता त्याचा चेहरा कल्पनेने कोरला. नाणकशास्त्रात त्याला ‘काल्पनिक मुखवटा’ असेच नाव आहे. सत्ता डळमळीत झाली होती, राजा बंदिवासात होता, आणि तरीही त्याच्या नावाने, कल्पित चेहऱ्यानिशी, चलन चालू होते. वसाहतीची राजनिष्ठा कशाच्या आधारावर उभी असते, याचे याहून बोलके चित्र शोधणे कठीण.

या नाण्यावरचा एक शब्द भारतीय वाचकाला थबकवतो. राजाच्या बिरुदात लिहिलेले असते ‘हिस्पान एट इंड रेक्स’, म्हणजे स्पेनांचा आणि इंडियांचा राजा. हा ‘इंड’ आपला नव्हे. पश्चिमेकडून जाऊन हिंदुस्थानचा किनारा गाठला अशी कोलंबसाची समजूत होती; ती चुकीची ठरली, पण शब्द राहिला, आणि पुढची तीन शतके तो चांदीत ओतला गेला. चूक सत्तेच्या मुखातून पुरेशा वेळा उच्चारली गेली की ती बिरुद बनते. अँडीजमधील केचुआ आणि आयमारा भाषिकांना ‘इंडियन’ हे नाव अशाच रीतीने चिकटले.

त्यांचा प्रश्न आला की वाचन आणखी खोल न्यावे लागते. पोतोसीचा ‘सेर्रो रिको’, म्हणजे श्रीमंत डोंगर, १५४५ मध्ये स्पॅनिशांना ठाऊक झाला. समुद्रसपाटीपासून सुमारे चार हजार मीटर उंचीवरील या ओसाड जागी सतराव्या शतकाच्या आरंभी लाखाहून अधिक वस्तीचे शहर उभे होते. व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो याने १५७० च्या दशकात ‘मिता’ नावाची सक्तीच्या मजुरीची व्यवस्था लावली. ठरलेल्या प्रांतांतील प्रौढ पुरुषांपैकी सातवा हिस्सा पाळीपाळीने, दर वर्षी सुमारे १३ हजार माणसे, खाणीत आणि पाऱ्याच्या साहाय्याने चांदी वेगळी करण्याच्या कारखान्यांत राबत. ही व्यवस्था कायद्याने संपली ती १८१२ मध्ये. नाण्यावर राजाचे नाव आहे, शहराचे चिन्ह आहे, कसाची ग्वाही देणाऱ्या परीक्षकाचे आद्याक्षर आहे. ज्याने दगड फोडून वर आणला त्याच्यासाठी तेथे जागा नाही.

परीक्षकाच्या त्या अक्षराची किंमत काय होती हेही पाहण्यासारखे आहे. १६४० च्या दशकात पोतोसीची नाणी हलक्या कसाची निघू लागली आणि युरोपातील व्यापारी ती घेण्यास कचरू लागले. चौकशीसाठी पाठवलेल्या फ्रान्सिस्को दे नेस्तारेस मारिन याने टांकसाळीतील संगनमत उघडकीस आणले. चांदीचा बडा व्यापारी फ्रान्सिस्को गोमेस दे ला रोचा आणि परीक्षक फेलिपे रामिरेस दे आरेयानो यांना देहदंड झाला. वाईट नाण्यांची किंमत उतरवण्यात आली, काहींवर मुकुटाचा ठसा मारून नवा भाव ठरवला गेला, आणि १६५२ पासून पोतोसीने नाण्याचा छापच बदलला. नव्या छापात टांकसाळीचे चिन्ह, परीक्षकाचे आद्याक्षर आणि वर्ष एकाहून अधिक ठिकाणी कोरलेले असते. एकदा नावाला बट्टा लागला, म्हणून पुढे ते नाव पुन्हा पुन्हा उच्चारावे लागले. शेतात सापडलेल्या एखाद्या तुकड्यावर केवळ या पुनरुक्तीमुळे आज वर्ष वाचता येते, हा इतिहासाचा विनोद म्हणायचा.

येथवर जे सांगितले ते एका नाण्यातून वाचता येते. पण नाणे जेथे पडले ती जागा नाण्यावर लिहिलेली नसते. हे दाखवणारे उत्तम उदाहरण फ्लोरिडाचे आहे. ३१ जुलै १७१५ च्या पहाटे, हवानाहून स्पेनकडे निघालेल्या ताफ्याची अकरा जहाजे फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्याजवळ चक्रीवादळात फुटली. हजाराच्या आसपास माणसे मेली. वाचलेल्यांनी किनाऱ्यावर तळ ठोकला, स्पेनने काही वर्षे पाणबुडे लावून माल वर काढला, आणि पुढे जागा विस्मृतीत गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर किप वॅग्नर नावाचा एक बांधकाम कंत्राटदार त्या किनाऱ्यावर राहत होता. वादळानंतर वाळूत त्याला काळी पडलेली नाणी मिळत. त्याने एक गोष्ट हेरली: एकाही नाण्यावर १७१५ नंतरचे वर्ष नव्हते. एका नाण्यावरचे वर्ष काहीच सिद्ध करत नाही, कारण जुनी नाणी पिढ्यान्‌पिढ्या फिरत असतात. पण एकाच पट्टीत सापडलेली अनेक नाणी एकाच वर्षापाशी थांबतात, तेव्हा त्या वर्षी काहीतरी घडलेले असते. सैन्याच्या शिल्लक मालातला धातुशोधक घेऊन वॅग्नरने टेकाडामागची जमीन तपासली आणि त्याला त्या वाचलेल्या माणसांच्या तळाची जागा सापडली. बर्नार्ड रोमन्स याच्या १७७५ च्या फ्लोरिडाविषयक ग्रंथातील उल्लेखाने आणि सेव्हिलच्या दफ्तरखान्यातील कागदांनी या तर्काला दुजोरा मिळाला. मुक्या नाण्यांना जागेने वाचा दिली.

आता याच किनाऱ्यावरचे दुसरे उदाहरण पाहू. २०१५ मध्ये परवानाधारक शोधकांच्या एका गटाला याच ताफ्याची १०१ सोन्याची नाणी मिळाली, पण सरकारदरबारी नोंदली गेली ती ५१. नोव्हेंबर २०२४ मध्ये उरलेल्यांपैकी ३७ नाणी हस्तगत केल्याचे फ्लोरिडाच्या अधिकाऱ्यांनी जाहीर केले. त्यांच्या म्हणण्यानुसार चोरलेल्या नाण्यांपैकी तीन २०१६ मध्ये मुद्दाम समुद्रतळाशी ठेवण्यात आली होती, नव्या गुंतवणूकदारांना ती ‘सापडावीत’ म्हणून. या प्रकरणाचा विचार केला म्हणजे मन अस्वस्थ होते. नाणी शंभर टक्के खरी; कसोटी, वजन, आद्याक्षर यांपैकी कोणतीही परीक्षा त्यांना खोटी ठरवू शकत नाही. खोटी आहे ती जागा. अस्सल वचन बनावट संदर्भात घुसडले तर संहितेचे जे होते तेच येथे झाले आहे, आणि असा क्षेपक ओळखण्यास पारख्याची विद्या अपुरी पडते.

म्हणूनच हौशी शोधकाविषयी पुरातत्त्ववेत्त्यांच्या मनात असलेला राग समजण्यासारखा आहे. खड्डा खणून नाणे उचलले की मातीच्या थरांतील त्याची जागा मोडते आणि ती पुन्हा जुळवता येत नाही. परंतु यंत्राचा दोष यंत्राला चिकटलेला नाही. टेक्सासमधील ब्लँको कॅन्यन येथे क्रॉसबो नावाच्या खटक्याच्या धनुष्याच्या बाणांची तांब्याची टोके धातुशोधकानेच मिळाली, आणि त्यांच्या जागा नकाशावर नोंदल्यामुळे १५४० च्या दशकारंभीच्या कोरोनादोच्या मोहिमेचा तळ निश्चित करता आला. ब्रिटनमध्ये १९९७ पासून हौशी शोधकांच्या वस्तूंची नोंद करणारी सार्वजनिक योजना चालू आहे. तिच्यात १५ लाखांहून अधिक वस्तू स्थळासह नोंदल्या गेल्या आहेत. आपल्याकडे १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम आहे. दहा रुपयांहून अधिक मूल्याचा पुरलेला ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावे, त्यात जागाही सांगावी, असे तो सांगतो. कायद्याची नजर ठेव्याच्या मालकीवर आहे हे खरे; तथापि जागा सांगण्याची अट त्यात आहे, ही इतिहासाच्या दृष्टीने त्यातील मोलाची गोष्ट होय.

अखेर या चांदीचा आपल्याशी असलेला संबंध. पोतोसी आणि मेक्सिकोची चांदी सेव्हिलवरून लंडन-ॲमस्टरडॅमला आणि तेथून कंपन्यांच्या जहाजांतून सुरतेला येई. दुसरी वाट अकापुल्कोहून मनिलामार्गे आशियात उतरे. हिंदुस्थानच्या मालाला युरोपकडे देण्याजोगे दुसरे काही फारसे नव्हते. पण मोगल अंमलात परके नाणे चलन म्हणून चालत नसे. सराफ त्याचा कस पाहून बट्टा कापी, नाणे टांकसाळीत जाई, वितळे, आणि फारसी अक्षरांचा रुपया होऊन बाहेर पडे. ‘इंडियांचा राजा’ असे लिहिलेली चांदी खऱ्या हिंदुस्थानात पोहोचली आणि तिच्यावरचा तो शब्द मुशीत पुसला गेला. त्याबरोबर पोतोसीचे चिन्ह गेले, परीक्षकाचे अक्षर गेले, खाणीकडे नेणारा माग गेला.

सुरतेच्या रुपयात ती चांदी आजही असेल, पण कोणत्याही कानाला ती वेगळी ऐकू येणार नाही. व्हर्जिनियाच्या शेतात छिन्नीने तोडलेली एक पाचर मात्र अजून वाचता येते. तिच्यावर ‘इंड’ एवढीच अक्षरे शिल्लक असतील, आणि शेजारी एखादा घडवलेला खिळा, विटेचा तुकडा, मातीच्या चिलमीची नळी. त्या खिळ्याचा स्वर यंत्रात खर्जात लागतो म्हणून शोधक त्याला टाळून पुढे जातो. वास्तविक त्या पाचरीने कोणाच्या उंबरठ्यावर काय विकत घेतले गेले, हे सांगू शकणारा साक्षीदार तोच आहे.